पाहुणे निघायच्या आत तलावावर चला!

थंडी पडली की लोक पक्षी पाहायला निघतात आणि संक्रांत झाली की दुर्बीण कपाटात ठेवून देतात. खरं तर पाणपक्ष्यांचा सगळ्यात रंगतदार हंगाम तेव्हाच सुरू होतो. फेब्रुवारी ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत धरणांचं पाणी ओसरत जातं आणि उथळ काठ उघडे पडतात. बदकांचे नर नव्याकोऱ्या पिसांत दिसतात. सैबेरिया, मंगोलिया, तिबेटकडे परतायची तयारी डोळ्यांदेखत चालू असते. कुणी खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतंय, कुणी रंग पालटतंय, कुणी जोडीदार गाठतंय. ही सगळी लगबग एका सकाळीत पाहायची असेल, तर पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण गाठा. उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या कुंभारगाव आणि डिकसळ या गावांतून स्थानिक मच्छीमारांच्या होड्या निघतात. घड्याळ लावा, निघू या.

६.३० : आधी पाणी पाहा, मग पक्षी

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. त्याची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडतं. म्हणजे निम्म्याहून जास्त! म्हणून तर उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ अशा बातम्या येतात. शेतीची आवर्तनं सुटू लागली की पसरट फुगवटा मागे हटतो आणि मैलोगणती चिखल मोकळा होतो. पाणी फारच आटलं, तर पळसदेवचं बुडालेलं प्राचीन मंदिरही वर येतं.

त्या चिखलात अळ्या, किडे, गोगलगायी, शिंपले ठासून भरलेले असतात. इथे पक्ष्यांची पंगत बसते आणि कुणी कुठे बसायचं हे पायांची लांबी ठरवते. अगदी काठावर इवलासा टिलवा, त्याच्यापुढे लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या, आणखी आत चमच्या आणि चित्रबलाक, तर गुडघाभर पाण्यात रोहित. सगळे एकाच ठिकाणी जेवतात, तरी फारशी भांडणं होत नाहीत.

६.४५ : अर्धा मेंदू झोपेत, अर्धा पहाऱ्यावर

अंधुक उजेडात बदकांचा थवा पाण्याच्या मधोमध तरंगताना दिसतो. चोची पाठीच्या पिसांत खुपसलेल्या. सगळे गाढ झोपलेत असं वाटतं, पण थव्याच्या कडेची बदकं नीट न्याहाळा. त्यांचा एक डोळा उघडा असतो! पक्ष्यांना मेंदूचा एक भाग झोपवून दुसरा जागा ठेवता येतो. मॅलार्ड बदकांवरचा याविषयीचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. थव्याच्या टोकाला असलेली बदकं अशी अर्धी झोप जास्त घेतात आणि उघडा डोळा थव्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवतात, असं त्यात दिसून आलं. मधली बदकं त्यांच्या भरवशावर निवांत झोपतात.

७.०० : ऊन पडलं, रंग उजळले

ऑक्टोबरात आलेली बदकं पाहून नवखे पक्षीनिरीक्षक हैराण होतात, कारण नर-मादी सगळेच मातकट दिसतात. वीण आटोपली की बदकांचे नर भडक पिसं टाकून देतात. उडायची पिसं तर एकदमच गळतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा वेळी मातकट रंगच जीव वाचवतो. मग हिवाळाभर हळूहळू नवी पिसं येतात.

फेब्रुवारीत मात्र ओळखायला सोपं. तलवार बदकाच्या नराची लांब टोकदार शेपटी आणि मानेवरची पांढरी रेघ लांबूनही कळते. थापट्याचं डोकं उन्हात हिरवं चमकतं. भुवई बदकाचा नर या बाबतीत सगळ्यांत सावकाश. डोळ्यावरची ठसठशीत पांढरी भुवई दिसायला त्याला बऱ्याचदा हिवाळ्याची अखेर उजाडते.

एवढा थाट आताच का? कारण उत्तरेकडची पुष्कळ बदकं जोडीदार इथेच, हिवाळी मुक्कामी निवडतात. पुढचा भाग आणखी मजेशीर आहे. परतताना मादी बहुधा आपल्या जन्मगावच्या परिसरात जाते आणि नर तिच्या मागोमाग. त्यामुळे कझाकस्तानात जन्मलेला नर सैबेरियात संसार थाटू शकतो. त्याची सोयरीक कदाचित इथल्या इंदापूर तालुक्यात जुळलेली असते!

७.२० : हिमालय ओलांडणारा गवतखाऊ

हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या रानातून ‘आँग, आँग’ करत एक थवा पाण्याकडे येतो. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि त्यावर दोन काळे पट्टे. हा पट्टकदंब. वजन साधारण दोन-तीन किलो, खाणं गवत आणि कोवळी पिकं. मंगोलिया, तिबेट, लडाखच्या सरोवरांवर त्याची वीण होते, म्हणजे जाता-येता हिमालय ओलांडणं आलंच.

पाठीवर उपकरणं बसवून केलेल्या अभ्यासात या पक्ष्याची उंची ७,२९० मीटरपर्यंत नोंदली गेली आहे. एवढ्या उंचीवर समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी प्राणवायू मिळतो. पट्टकदंबाचं हिमोग्लोबिन तो विरळ प्राणवायूही घट्ट धरून ठेवतं, आणि त्याची फुप्फुसं इतर बदक-हंसांच्या मानाने मोठी असतात. शिवाय तो वाऱ्याच्या झोतावर विसंबत नाही. रात्री आणि पहाटे, हवा थंड व दाट असताना, पंख मारत राहतो. उंची उगाच टिकवूनही ठेवत नाही. डोंगर चढला की वर, दरी आली की खाली. दरीत दाट हवेत पंख मारायला कमी कष्ट पडतात, त्यामुळे पुन्हा चढण करावी लागली तरी एकंदर हिशेब फायद्याचा ठरतो.

एखाद्या पट्टकदंबाच्या मानेत रंगीत पट्टा दिसला, तर त्यावरचं अक्षर आणि आकडे टिपून घ्या. मंगोलियात असे पट्टे घातलेले पक्षी भारतातल्या तलावांवर सापडले आहेत. मुंबईच्या बीएनएचएस या संस्थेने आपल्याकडे पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं काम १९२७ मध्ये सुरू केलं. पक्षी नेमके कुठून येतात नि कुठे जातात, हे पहिल्यांदा अशा कड्यांमुळेच ठामपणे कळू लागलं.

७.४५ : रोहित उलटा जेवतो

होडी वल्ह्यांवर हळूहळू पुढे सरकते आणि उथळ पाण्यात गुलाबी-पांढरी रांग दिसू लागते. रोहित, अर्थात फ्लेमिंगो. भिगवणला येणारे बहुतेक मोठे रोहित असतात. त्यांच्याविषयीच्या या पाच गोष्टी होडीत बसल्या बसल्या सांगण्यासारख्या:

• तो डोकं उलटं करून खातो. चोचीचा वरचा भाग खाली जातो, जीभ झपाट्याने मागे-पुढे होत पाणी आत ओढते नि बाहेर ढकलते, आणि चोचीच्या कडांच्या बारीक पट्ट्यांत अन्न अडकतं.

• गुलाबी रंग आहारातून येतो. शेवाळ आणि त्यावर जगणारे छोटे जलचर यांतली कॅरोटिनॉइड द्रव्यं पिसांत उतरतात. पिल्लं करडी असतात आणि पुरता रंग चढायला काही वर्षं जातात. थव्यातले मळकट दिसणारे सदस्य म्हणजे ही तरुण मंडळी.

• पायाच्या मध्यावर जो उलटा वाकलेला गुडघा दिसतो, तो त्याचा घोटा आहे. गुडघा वर, पोटाच्या पिसांत लपलेला असतो.

• एका पायावर उभं राहायला त्याला स्नायूंचा जोर जवळजवळ लागतच नाही, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. शरीराचा तोल त्या एका पायावर आपोआप टिकतो. दोन पायांवर उभं राहण्यापेक्षा हेच त्याला सोपं!

• आई आणि बाप दोघंही अन्ननलिकेत तयार होणारं लालसर ‘दूध’ पिल्लाला पाजतात.

भारतात मोठ्या रोहितांची सर्वांत प्रसिद्ध वीण वसाहत कच्छच्या रणात आहे. इतर पाहुणे मार्चअखेर निघून जातात, रोहित मात्र पाणी उथळ असेल तोवर उन्हाळ्यातही रेंगाळतात.

८.१० : ज्याची त्याची चोच

थापट्या बदकाची चोच पुढे रुंद आणि पसरट असते. तिच्या कडांना बारीक पट्ट्यांची दाट झालर असते, तिच्यातून पाणी गाळलं जातं. कधी कधी पाच-पन्नास थापटे गोल गोल फिरताना दिसतात. त्या भोवऱ्यामुळे खालचं अन्न वर येतं आणि प्रत्येक जण पुढच्याने ढवळलेलं पाणी गाळून खातो.

मुग्धबलाकाची चोच मिटली तरी मधे फट राहते. ही फट जन्मजात नसते, पक्षी मोठा होताना ती तयार होते. या चोचीने तो गोगलगाय पकडतो, टोक शंखात सारून आतला स्नायू सोडवतो आणि मांस अलगद ओढून काढतो.

चित्रबलाक मासे डोळ्यांनी शोधत नाही. अर्धवट उघडी चोच गढूळ पाण्यात बुडवून तो चालत राहतो, मासा चोचीला लागला की खटकन मिटतो. याच पद्धतीने मासे पकडणाऱ्या त्याच्या अमेरिकी नातलगावर प्रयोग झाले, तेव्हा चोच मिटायला फक्त २५ मिलिसेकंद लागले. आपली पापणी लवायला याच्या कित्येक पट वेळ लागतो.

८.३० : अचानक सगळे हवेत!

एकही आवाज नसताना शेकडो बदकं एकदम उडाली, तर वर बघा. बहुतेक वेळा दलदल भोवत्या घिरट्या घालत असतो, नाहीतर बहिरी ससाणा. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरचा वेग ओलांडतो. जगात याहून वेगवान प्राणी नाही.

या धांदलीत कोण कसं उडतं तेही पाहा. तलवार बदक किंवा थापट्या पाण्यावरून थेट वर झेपावतो. वारकरी, म्हणजे पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी, पाण्यावर धावत सुटतो. त्याची बोटं दोन्ही बाजूंना पाळ्या फुटलेली असतात, पोहायला उत्तम. पण उडण्याआधी त्याला पाण्यावर चांगलीच धाव घ्यावी लागते.

८.५० : हवेत थांबणारा कोळी

काळा-पांढरा कवड्या धीवर पाण्यावर दहा-पंधरा फुटांवर एका जागी पंख फडफडवत राहतो, मग दगडासारखा खाली. वारा नसतानाही हवेत असं स्थिर राहू शकणारे पक्षी थोडे, आणि त्यांत कवड्या धीवर आकाराने मोठ्यांपैकी एक. छोटी शिकार तो उडता उडताच गिळतो, त्यामुळे फांदीवर परत जायची गरज पडत नाही आणि भर पाण्यातही मासेमारी करता येते.

त्याचा निळा भाऊ छोटा धीवर जपानच्या रेल्वेने अभ्यासला होता. बुलेट ट्रेन बोगद्यातून बाहेर पडताना स्फोटासारखा आवाज होई. एइजी नाकात्सू या पक्षीनिरीक्षक अभियंत्याने धीवराच्या चोचीवरून गाडीच्या नाकाचा आकार सुचवला आणि १९९७ मध्ये धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या शिंकानसेनला तो मिळाला. पाण्यात शिरताना फार पाणी न उडवणारी चोच बोगद्यातल्या हवेलाही तशीच कापते.

वाळलेल्या झाडावर मोठा शिकारी पक्षी बसलेला दिसला, तर तो ऑस्प्रे असू शकतो. त्याचा आहार जवळजवळ पूर्णपणे माशांचा. बाहेरचं बोट मागे वळवून तो दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड घेतो. तळव्यावरच्या खरबरीत काट्यांमुळे मासा निसटत नाही. नेताना तो माशाचं तोंड पुढे करून धरतो, म्हणजे हवेचा विरोध कमी होतो.

९.१० : पंख वाळत घातलेत

ऊन तापलं की पाणकावळे आणि तिरंदाज पंख पसरून बसतात. बदकांची पिसं पाणी झटकतात, यांची पिसं मात्र भिजतात. त्यामुळे पिसांत हवा कमी अडकते आणि खोल बुडी मारणं सोपं जातं. बुडी झाल्यावर पंख वाळवावे लागतात, एवढाच काय तो त्रास. तिरंदाजाच्या मानेत मणक्यांची खास घडी असते. ती झटक्यात उलगडते आणि टोकदार चोच माशाच्या आरपार जाते.

९.३० : टोपी घालायचे दिवस

होडीमागे उडणारे कुरव फेब्रुवारीअखेर वेगळेच दिसू लागतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या डोक्यावर हिवाळाभर डोळ्यामागे केवळ एक ठिपका असतो. परतायची वेळ आली की ठिपका पसरत पसरत पूर्ण टोपी होते. जवळून पाहिलंत तर ही टोपी काळी नसून गडद चॉकलेटी असते! एकाच थव्यात ठिपकेवाले, अर्ध्या टोपीचे आणि पूर्ण टोपीचे असे तिन्ही सापडतात. पिवळा धोबीही याच सुमारास पिवळाजर्द होऊ लागतो.

हे सगळं कोण सुरू करतं? मुख्यतः दिवसाची लांबी आणि पक्ष्याच्या शरीरातलं वार्षिक घड्याळ. म्हणून तलावात पाणी आणि अन्न मुबलक असलं तरी निघायची वेळ झाली की पक्षी निघतात.

९.५० : यांचा संसार आता सुरू

पाहुणे आवराआवर करत असताना घरची मंडळी संसार मांडत असतात. नदी सुरयाचा नर मासा पकडून मादीला भरवतो. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या बेटांवर, साध्या वाळूच्या खळग्यात, तिची अंडी असतात. ती अशी बेमालूम मिसळलेली असतात की पायाखाली आली तरी कळणार नाहीत. म्हणून बेटांवर उतरू नका. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातल्या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत असते. घरट्यांची गजबज काठावरून दुर्बिणीने सुरेख दिसते.

कमळपक्षी मात्र अजून साध्या वेशात असतो. त्याची लांब डौलदार शेपटी पावसाळी विणीच्या हंगामातच येते. त्यांच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे काम बाबांचं. आई आकाराने मोठी, आणि एकाच हंगामात अनेक नरांकडे अंडी सोपवणारी.

१०.१५ : चिलापी खाता खाता एक कळीची गोष्ट

काठावर परतलात की भाकरीबरोबर चिलापी मागवा. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, आता उजनीचा झालाय. जेवताना आकाशाकडे पाहून एक हिशेब करा.

छोटा टिलवा जेमतेम २०-३० ग्रॅमचा. त्याचं घर आर्क्टिकच्या टुंड्रात. एवढा प्रवास चरबीवर होतो. तितक्याच वजनाच्या पिठूळ पदार्थांच्या किंवा प्रथिनांच्या मानाने चरबीतून दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते. लांब पल्ल्याचे काही काठपक्षी निघण्याआधी जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात. काहींची आतडी आणि जठर निघायच्या बेतात चक्क आक्रसतात, म्हणजे उडताना फुकटचं ओझं नको.

आता विचार करा. उडणाऱ्या रोहितांचा फोटो हवा म्हणून होडी थव्यावर नेली, तर त्या एका उड्डाणात किती इंधन जळतं! दुसरी होडी आली, पुन्हा तेच. सकाळभर असं चाललं, तर खायचा वेळ गेला आणि साठवलेली चरबीही गेली. पक्ष्यांनी माना वर करून खाणं थांबवलं की तिथेच होडी थांबवायला सांगा. पाच मिनिटांत ते पुन्हा खायला लागतात, आणि तुम्हाला उडणाऱ्या पाठीपेक्षा कितीतरी जास्त पाहायला मिळतं. कुरवांना फरसाण, शेव टाकणंही बंद करा. तेल-मीठ त्यांच्या प्रवासाची शिदोरी नव्हे.

उजनी लांब पडते? मग हे पाहा

• नांदूर मध्यमेश्वर, नाशिक : गोदावरी-कादवा संगमावरचा जुना बंधारा. गाळ साचून इथे दलदल, बेटं आणि गवताळ भाग तयार झाला. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या मनोऱ्यांवरून जांभळ्या पाणकोंबड्या मनसोक्त पाहा.

• नाथसागर, पैठण : जायकवाडीचा विशाल, उथळ जलाशय. १९८६ पासून पक्षी अभयारण्य.

• हतनूर, जळगाव : तापी-पूर्णा संगमाचा परिसर, बदकांसाठी खानदेशातलं हक्काचं ठिकाण.

• नवेगाव बांध आणि गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव : मालगुजारी काळापासूनचे, कोहळी समाजाच्या जलकौशल्यातून उभे राहिलेले तलाव. राज्यातला सारस मुख्यतः याच भागात उरलाय. उडणाऱ्या पक्ष्यांत तो जगात सर्वांत उंच.

• लोणार, बुलढाणा : बेसॉल्ट खडकात अशनीच्या आघाताने बनलेलं खारं सरोवर. २०२० मध्ये सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी ते रामसर यादीतही आलं.

• ठाण्याची खाडी : मुंबईकरांनो, हजारो छोटे रोहित घराशेजारी! २०१५ पासून अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ.

निघण्यापूर्वी तीन युक्त्या

सूर्य पाठीशी ठेवा. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभे राहिलात, तर रंग खरे दिसतात. नाहीतर समोर नुसत्या काळ्या आकृत्या.

दुर्बीण ८ × ४२ ची पुरेशी. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग जितकं मोठं, तितका पहाटेचा उजेड जास्त.

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा. ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवा. तेवढ्या जागा किती भरतात ते पाहा आणि दहाने गुणा.

आणि मोजलेलं लिहून ठेवा. ही शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. मध्य आशियाई उड्डाणमार्ग आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत ३० देशांवरून जातो. या वाटेवर कोणता पक्षी वाढतोय आणि कोणता घटतोय, हे तलावातलावांवरच्या साध्या नोंदी जोडूनच कळतं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये भारत २०१३ पासून आहे. त्यात कुणालाही भाग घेता येतो, पंधरा मिनिटांची यादीही चालते. पुढच्या ऑक्टोबरात किती पाहुणे परतले हे सांगायचं, तर यंदा फेब्रुवारीत किती होते ते कुणीतरी मोजलेलं हवं. ते तुम्ही मोजा, तुमच्या गावच्या तलावावर, याच रविवारी.